ठरलेल्या वाटेची गाडी

१९६७ मध्ये ब्रिटनच्या इलेक्ट्रिक व्हेइकल असोसिएशनने एक दावा केला होता. ब्रिटनच्या रस्त्यांवर बॅटरीवर चालणारी जितकी वाहने आहेत, तितकी उरलेल्या साऱ्या जगात मिळूनही नाहीत, असा तो दावा. त्यांतली बहुतेक वाहने दुधाच्या गाड्या होत्या. पहाटे रतीब घालत फिरायचे, दुपारपर्यंत डेपोत परतायचे आणि रात्रभर चार्ज व्हायचे, हा त्यांचा दिनक्रम. विजेची व्हॅन कामाला पुरेल का, तिच्यात मुक्काम ठोकून भटकंती करता येईल का, हे प्रश्न आज अगदी नवे म्हणून विचारले जातात. पण मालवाहू विजेच्या गाडीला शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासातून एक गोष्ट सातत्याने पुढे येते. विजेची व्हॅन उपयोगी ठरेल की नाही, हे एकट्या बॅटरीने कधीच ठरवले नाही. ज्यांनी आपले काम आधी मोजले आणि गाडीभोवती मार्ग, थांबे व चार्जिंग यांची व्यवस्था उभी केली, त्यांच्याकडे ती कित्येक वर्षे चालली. ज्यांनी वर्षातल्या सर्वांत लांबच्या एका दिवसाचा विचार करून गाडी निवडली, त्यांनी ती नाकारली. कामाच्या गाडीला हे जितके लागू पडते, तितकेच मुक्कामाच्या गाडीलाही.

सुरुवात अमेरिकेपासून करू. १९०० च्या शिरगणतीनुसार तिथे त्या वर्षी तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेवरच्या, १,५७५ विजेच्या आणि केवळ ९३६ पेट्रोलच्या होत्या. पुढच्या दशकात शहरांतला माल घोडागाडीवरून मोटारीवर येऊ लागला, तेव्हा विजेच्या ट्रकांना खरी मागणी आली. कारण सरळ होते. दुकानाचा माल घरोघर पोहोचवणारी गाडी दर थोड्या अंतरावर थांबते. त्या काळचे पेट्रोल इंजिन दांड्याने फिरवून सुरू करावे लागे, ते थंडीत हट्ट धरी आणि थांब्यावर चालू ठेवले तर इंधन जाळत राही. विजेची मोटर थांबली की वीज खात नाही आणि पुन्हा निघायला तिला कष्ट पडत नाहीत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या अभियंत्यांनी १९१० नंतरच्या वर्षांत घोडा, वीज आणि पेट्रोल यांच्या खर्चाची तुलना केली. त्या काळच्या अशा अभ्यासांचा सूर साधारण सारखाच होता: अगदी जवळच्या खेपांना घोडा, शहरातल्या मधल्या अंतराला वीज आणि शहराबाहेरच्या लांबच्या फेऱ्यांना पेट्रोल. म्हणजे प्रत्येक साधनाचे क्षेत्र वेगळे होते आणि विजेच्या वाट्याला आलेले क्षेत्र काही लहान नव्हते.

बॅटरीची अडचण तेव्हाही होतीच. ती महाग होती, जड होती आणि तिची निगा राखणे किराणा दुकानदाराच्या आवाक्यातले नव्हते. या अडचणीवर कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड इलेक्ट्रिक लाइट कंपनीने काढलेला तोडगा आजही अभ्यासण्याजोगा आहे. तिथे व्यावसायिकाने ट्रक बॅटरीविना विकत घ्यायचा. बॅटरी वीज कंपनीच्या मालकीची, ती उतरली की कंपनीच्या केंद्रावर बदलून मिळायची. ग्राहकाने गाडीच्या देखभालीसाठी महिन्याला ठरावीक रक्कम भरायची आणि जितके मैल गाडी चालेल तितके मैलांमागे पैसे द्यायचे. बॅटरी लवकर काढता-घालता यावी म्हणून गाड्यांच्या रचनेतही बदल केले होते. १९१० ते १९२४ या काळात या योजनेतली वाहने साठ लाख मैलांहून, म्हणजे जवळजवळ एक कोटी किलोमीटर चालली. बॅटरी तीच, शिशाची किंवा लोह-निकेलची, तिच्या मर्यादाही त्याच. बदलली होती ती फक्त व्यवस्था. बॅटरीचा धोका तिचे ज्ञान असलेल्याने पत्करला आणि मालकाकडे फक्त मालाची ने-आण उरली.

मग ही गाडी हरली कशी? पेट्रोलची गाडी सरस होती म्हणून ती जिंकली, हे सोपे उत्तर अर्धेच खरे आहे. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेवरचा स्टार्टर आणला आणि दांडा फिरवण्याचा त्रास संपला, हे खरे. पहिल्या महायुद्धात सैन्याला लांब पल्ल्याचे ट्रक हवे होते आणि युद्ध संपल्यावर तेच ट्रक स्वस्तात बाजारात आले, हेही खरे. पण याहून खोल कारण खरेदीच्या हिशेबात होते. पेट्रोलचा ट्रक जवळचे काम थोड्या जास्त खर्चात का होईना करू शकत असे. विजेच्या ट्रकला लांबचे काम जमतच नसे. दोन प्रकारची वाहने ठेवायची तर दोन प्रकारचे कारागीर, दोन प्रकारचे सुटे भाग सांभाळावे लागत. म्हणून व्यापाऱ्याने सगळ्याला चालेल अशी एकच गाडी घेतली. रोजच्या चौघांच्या स्वयंपाकासाठी पंगतीची पातेली चुलीवर चढवावीत, तसा हा व्यवहार होता. त्याचा भुर्दंड रोज पडत असे, पण थोडा थोडा पडत असल्यामुळे तो दिसत नसे.

कॅम्पिंगचा संबंध इथेच येतो. त्याच काळात अमेरिकेत मोटारीतून तंबू घेऊन फिरण्याची लाट आली आणि मोटार म्हणजे दूर जाण्याचे स्वातंत्र्य ही कल्पना रुजली. हेन्री फोर्ड, टॉमस एडिसन, हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज यांच्या सहली तेव्हा वृत्तपत्रांत गाजत. विजेच्या वाहनांसाठी लोह-निकेल बॅटरी घडवण्यात ज्यांनी अनेक वर्षे घातली, तेच एडिसन या सहलींना पेट्रोलच्या मोटारींतून जात आणि त्यांच्या बॅटऱ्या रात्री तळावर दिवे लावत. बॅटरीची बलस्थाने आणि मर्यादा या एकाच दृश्यात आहेत. एका जागी थांबलेल्या माणसाला वीज पुरवणे तिला तेव्हाही सहज जमत होते. त्या जागेपर्यंत पोहोचवणे मात्र तिला जमत नव्हते, कारण वाटेत वीजच नव्हती. अमेरिकेच्या खेड्यांत वीज पोहोचायला १९३० आणि १९४० ची दशके उजाडावी लागली. पेट्रोल डब्यात भरून कुठेही नेता येत होते. म्हणजे मुक्कामाच्या प्रवासात विजेच्या गाडीची हार मोटरमुळे झाली नाही, तारा न पोहोचल्यामुळे झाली.

ब्रिटनमध्ये मात्र ही गाडी टिकली आणि तिचे टिकणे हाच माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. १९३० च्या दशकापासून तिथल्या डेऱ्या घोड्यांऐवजी विजेच्या गाड्या घेऊ लागल्या. लंडनच्या हॅरॉड्स या दुकानाने त्याच दशकाच्या उत्तरार्धात घरपोच मालासाठी स्वतःच्या कारखान्यात सुमारे ६० विजेच्या व्हॅन बांधल्या. दुधाची गाडी ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या पुढे जात नसे. पण एका फेरीत शेकडो दारांपुढे थांबणाऱ्या गाडीला वेगाचा उपयोग काय? तिथे उपयोग होता तो पुन्हा पुन्हा थांबण्या-निघण्याचा, पहाटे गल्ली झोपेत असताना आवाज न करण्याचा आणि रात्रीच्या स्वस्त विजेवर चार्ज होण्याचा. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा तिची किंमत आणखी पटली. हलते भाग कमी असल्याने अशा कित्येक गाड्या वीस-वीस, तीस-तीस वर्षे राबल्या. पुढे त्या कमी झाल्या त्या गाडीतल्या दोषामुळे नव्हे. घरोघर फ्रिज आले, सुपरमार्केटात स्वस्त दूध मिळू लागले. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरगुती दुधातले बहुतांश दूध दारात येत होते. पुढच्या चार दशकांत ते प्रमाण अगदीच किरकोळ उरले. रतीब गेला, म्हणून गाडी गेली.

यावर आक्षेप येईल की दुधाची गाडी हा अपवाद आहे. एवढे आखीव काम इतरत्र कुठे असते? पण जे काम शहरातले बहुतेक टेम्पो आणि व्हॅन करतात, ते खरोखर किती अनिश्चित असते? टपाल, कुरिअर, किराणा, लाँड्री, औषधे, वीज आणि नळाची दुरुस्ती ही कामे ठरलेल्या भागात, ठरलेल्या वेळेत होतात आणि गाडी रात्री एका जागी उभी असते. जर्मन टपाल कंपनीने हाच हिशेब केला. हवी तशी गाडी मोठ्या कारखान्यांकडून मिळेना, तेव्हा आखन विद्यापीठातून उभी राहिलेली स्ट्रीटस्कूटर ही कंपनी त्यांनी २०१४ मध्ये विकत घेतली आणि पुढे अशा दहा हजारांहून अधिक गाड्या कामाला लावल्या. गाड्या बनवून विकण्याचा धंदा त्यांना फायद्याचा झाला नाही, पण टपाल वाटण्याचे काम त्या गाड्या करत राहिल्या. हे दोन हिशेब वेगळे ठेवले पाहिजेत.

जर्मनीतलेच आणखी एक उदाहरण कामाची आणि मुक्कामाची गाडी शेजारी-शेजारी उभी करते. फोक्सवागनच्या ज्या व्हॅनला वेस्टफालिया कंपनी १९५१ पासून झोपण्या-जेवणाची सोय करून देत होती आणि जिने पुढे साऱ्या जगात भटकंतीचे वाहन म्हणून नाव कमावले, त्याच मालिकेतली विजेची व्हॅन १९७२ मध्ये आली. तिच्यात आठशे किलोंहून जड शिशाची बॅटरी होती, साठवण सुमारे २१.६ युनिट आणि पल्ला जेमतेम ८५ किलोमीटर. ती वीज कंपन्या आणि काही संस्थांकडे कामाला गेली. भटक्यांनी पेट्रोलची घेतली. तेव्हा तो निवाडा योग्यच होता. आता टाटांनी २०२२ मध्ये आणलेल्या विजेवरच्या ‘एस’कडे, आपल्याकडे सर्वांना ‘छोटा हत्ती’ म्हणून ठाऊक असलेल्या टेम्पोच्या भावंडाकडे पाहा. तिची बॅटरी २१.३ युनिटची, म्हणजे जवळपास तेवढीच, आणि प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर. प्रत्यक्ष भरलेल्या गाडीला तो कमी मिळेल हे गृहीत धरले, तरी भिवंडीच्या गोदामातून ठाण्याला दिवसात दोन खेपा करणाऱ्या गाडीला तो पुरतो. या दोन गाड्यांमध्ये पन्नास वर्षांचे अंतर असूनही साठवणीचा आकडा फारसा बदलला नाही; वजन उतरले आणि मोटर व तिचे नियंत्रण सुधारले.

मुक्कामाच्या गाडीचा हिशेब याच पद्धतीने मांडता येतो. फोक्सवागनच्या २०२२ च्या आयडी बझमध्ये ७७ युनिटची बॅटरी होती. शंभर किलोमीटरला २५ युनिट लागतात असे कडक धरले तर एका चार्जवर सुमारे ३०० किलोमीटर होतात. तळावर पोहोचल्यावर फ्रिजला दिवसाला एखादे युनिट, स्वयंपाकाला एक-दोन, दिव्यांना नगण्य; थंडीत रात्रभर हीटर लावला तर आणखी सात-आठ. म्हणजे राहण्याचा खर्च चालण्याच्या खर्चापुढे फार थोडा आहे. युरोपात कॅराव्हॅनसाठी तळावर विजेची जोडणी देण्याची पद्धत जुनी आहे. तिथे १० अँपिअरची जोडणी मिळाली तर दहा तासांच्या रात्रीत २३ युनिट मिळतात, म्हणजे दुसऱ्या दिवशीचे नव्वद किलोमीटर झोपेत पदरात पडतात. रोज दोनशे किलोमीटरच्या आत सरकणाऱ्या, वाटेत एकदा जलद चार्ज करणाऱ्या कुटुंबाला ही गाडी आज पुरी पडते. एका दिवसात आठशे किलोमीटर तोडून आडरानात उतरणाऱ्याला ती पुरी पडत नाही.

गंभीर आक्षेप तीन उरतात आणि ते टाळता येणार नाहीत. पहिला वजनाचा. युरोपात साध्या परवान्यावर ३.५ टनांपर्यंतची गाडी चालवता येते. त्यात बॅटरी जड असेल तर अवजारांना किंवा पलंग-ओट्यांना जागा उरत नाही. ब्रिटनने २०१८ मध्ये पर्यायी इंधनाच्या व्हॅनसाठी ही मर्यादा ४.२५ टनांपर्यंत वाढवली, म्हणजे ही अडचण काही अंशी नियमाने सुटणारी आहे. दुसरा तळांवरच्या तारांचा. रात्रभर पूर्ण भार ओढणाऱ्या वीस गाड्यांसाठी ती जुनी जोडणी बांधलेली नाही आणि तळमालकाने ती विनामूल्य द्यावी ही अपेक्षाही रास्त नाही. वेगळे मीटर आणि जाडसर तारा हाच त्यावरचा प्रामाणिक उपाय आहे. तिसरा आक्षेप सुरुवातीच्या किमतीचा आणि तो सर्वांत जुना. एकच टेम्पो असलेल्या चालक-मालकाला, चाळीत किंवा रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्याला, डेपो नसतो आणि भांडवलही नसते. त्याला विजेची गाडी परवडत नाही असे म्हणून थांबणे सोपे आहे, पण हार्टफर्डने शंभर वर्षांपूर्वी अशाच अडचणीवर तोडगा काढला होता. बॅटरी भाड्याने, बदलण्याचे केंद्र कामाच्या वाटेवर आणि पैसे चाललेल्या अंतराचे, ही तिन्ही सूत्रे आजही लागू पडतात.

म्हणून गाडी घेण्याआधी तिचा पल्ला विचारण्यापेक्षा आपला महिना लिहून काढणे अधिक शहाणपणाचे आहे: रोजचे किलोमीटर, थांबे, मालाचे वजन आणि रात्री गाडी कुठे उभी असते. यातला लांबचा दिवस अपवाद निघाला तर त्या दिवसापुरती दुसरी गाडी भाड्याने घेणे स्वस्त पडेल; नियम निघाला तर डिझेलची गाडी ठेवण्यात कमीपणा नाही. आणि ज्यांच्या हाती नगरपालिका, वीज कंपन्या किंवा पर्यटन तळ आहेत, त्यांनी हार्टफर्ड आणि ब्रिटिश डेऱ्यांकडून घ्यायचा धडा असा की गाडीवर सवलत देणे ही कामाची केवळ सुरुवात असते. बाजारपेठेजवळचा गाडीतळ, गोदामातले रात्रीचे चार्जिंग आणि मुक्कामाच्या ठिकाणची भक्कम जोडणी उभी राहिली तरच ती गाडी कामाची होते. १९२४ मध्ये हार्टफर्डची योजना थांबली, तेव्हा उपयोगी ठरलेली एक व्यवस्था मोडली. तशी व्यवस्था पुन्हा, आणि या वेळी छोट्या चालक-मालकापर्यंत पोहोचेल अशी, उभारणे आपल्या हातात आहे.