खेळणें आणि प्रतिकृति

गुहागर तालुक्यांत आगगाडी नाहीं. कोंकण रेल्वे १९९८ सालीं सर्व मार्गावर सुरू झाली. परंतु गुहागरकरांनीं ती गांठावी तर सुमारें ४५ किलोमीटर दूर चिपळुणास जावें लागतें. यामुळें येथील मुलाच्या मनांत ‘गाडी’ या शब्दाबरोबर जें चित्र उभें राहतें, तें बहुधा लाल एस.टी.चें. त्याच्या पणज्याला हाच प्रश्न विचारला असता, तर त्यानें दाभोळच्या खाडींतील गलबताकडे किंवा मुंबईहून येणाऱ्या आगबोटीकडे बोट दाखविलें असतें. तीन-चार पिढ्यांच्या अवधींत एका गांवचें वाहन असें पार पालटलें. जें गेलें त्याचें रूप आज कोठें पाहावें, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या मुळाशीं आहे. त्याचें उत्तर शोधूं लागलें असतां आपण अशा एका छंदापाशीं येऊन पोहोंचतों, ज्याकडे सुशिक्षित घरांतूनहि पोरखेळ म्हणूनच पाहिलें जातें. मोटारी, आगगाड्या, नौका यांच्या प्रमाणबद्ध लहान प्रतिकृति करून त्या मांडून ठेवण्याचा हा छंद. त्याचा थोडा इतिहास आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

लहान गाडीची आवड फार जुनी आहे. हडप्पा व मोहेंजोदडो येथील उत्खननांत भाजलेल्या मातीचे लहान गाडे सांपडले आहेत. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचें तर नांवच अशा गाड्यावरून पडलें आहे. शेजारच्या मुलाचा सोन्याचा गाडा पाहिलेला रोहसेन मातीच्या गाड्यावर रुसतो, वसंतसेना आपले अलंकार त्या गाड्यांत घालते, आणि पुढें त्याच अलंकारांमुळें चारुदत्तावर वधस्तंभापर्यंत जाण्याची पाळी येते. आपल्या महाराष्ट्रांत प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं ब्राँझचा एक रथ सांपडला. त्याची लांबी सुमारें ४५ सेंटिमीटर आहे. दोन बैल जुंपलेले आहेत आणि मागें एक पुरुष उभा आहे. बैलांचीं अंगें लांबट घडविलीं आहेत, आणि तेंच त्यांचें सौंदर्य आहे. तें खेळणें होतें कीं मिरवणुकींतील पूजावस्तु, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. मात्र त्यावरून खऱ्या रथाचीं मापें कोणी काढूं म्हणेल, तर तें साधणार नाहीं.

कोंकणांतील सावंतवाडीच्या लांकडी खेळण्यांविषयींहि असेंच म्हणतां येईल. तेथील चितारआळींत पांगाऱ्यासारख्या हलक्या लांकडाचीं फळें, भाज्या, बैलगाड्या व चूलबोळकीं रंगविण्याची कला नांवाजलेली आहे. मुलाला गाडी ओळखूं आली आणि ओढतांना चाकें फिरलीं कीं कारागिराचें काम संपलें. दिवाळींत अंगणांत जो किल्ला आपलीं मुलें बांधतात, तोहि याच जातीचा. दगडमाती रचून वर चिखल लिंपावयाचा, उतारावर अळीव पेरावयाचे आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवछत्रपति बसवावयाचे. तटावर उभा केलेला मावळा मात्र तटाहून उंच असतो, आणि बुरुजावरची तोफ दरवाजांतून आंत जाणार नाहीं एवढी मोठी असते. यांत कोणाचा दोष नाहीं. खेळण्याला खूण पुरते, प्रतिकृतीला माप लागतें. दोहोंमधील भेद एवढाच आहे, परंतु इतिहासाच्या दृष्टीनें तो फार मोठा आहे.

माप लागतें म्हणजे काय, हें मोटारींच्या प्रतिकृतींच्या इतिहासावरून चांगलें समजतें. लिव्हरपूलचा फ्रँक हॉर्नबी यानें १९०१ सालीं छिद्रें पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांनीं यंत्रें जुळविण्याच्या एका खेळाचें पेटंट घेतलें. तोच पुढें ‘मेकॅनो’ या नांवानें जगभर गेला. १९२० सालीं त्याच्या कारखान्यानें आगगाड्या काढल्या. त्यांच्या वर्गांत पुढें जें प्रमाण रूढ झालें, तें खऱ्या वस्तूच्या एका फुटाला ७ मिलिमीटर असें होतें. एका फुटाचे ३०४.८ मिलिमीटर होतात. त्यांस ७ नें भागिलें असतां साडेत्रेचाळीस येतात. आगगाडीच्या देखाव्यांत रस्त्यावर ठेवण्यासाठीं १९३३ सालीं त्याच कारखान्यानें धातूच्या ओतीव मोटारी काढल्या. १९३४ सालीं त्यांस ‘डिंकी टॉइज’ हें नांव मिळालें. मोटारींच्या संग्राहकांत १:४३ हें विचित्र दिसणारें प्रमाण आजहि चालतें, त्याचें मूळ या रुळांत आहे.

याच्या उलट उदाहरण ‘मॅचबॉक्स’ मोटारींचें. लंडनच्या लेस्नी कंपनीनें त्या १९५३ पासून बाजारांत आणिल्या. वस्तु आगपेटीसारख्या खोक्यांत मावली पाहिजे, हा तेथील नियम. त्यामुळें दुमजली बस आणि लहान मोटार यांची लांबी जवळजवळ सारखीच होई. त्या गाड्या सुबक होत्या, मुलांनीं त्यांवर जीव टाकिला. पण दोन गाड्या शेजारीं ठेवून त्यांवरून खऱ्या रस्त्याची कल्पना करूं गेल्यास फसगत ठरलेली. डिंकीचे कांहीं जुने साचे १९६० नंतरच्या दशकांत कलकत्त्यास आले, आणि त्यांतून ओतलेल्या मोटारी ‘निकी टॉइज’ या नांवानें आपल्याकडे विकल्या गेल्या.

प्रमाण एकदां ठरविलें कीं सर्व सोपें होतें, असें मात्र कोणी समजूं नये. अकरा मीटर लांबीची बस १:४३ प्रमाणांत पंचवीस-सव्वीस सेंटिमीटर होते. लांबी ४३ पटींनीं घटली कीं क्षेत्रफळ १,८४९ पटींनीं आणि घनफळ ७९,५०७ पटींनीं घटतें. खऱ्या गाडीचा दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा या हिशेबानें ०.०३५ मिलिमीटर व्हावयास पाहिजे. लिहिण्याचा साधा कागदहि याच्या सुमारें तिप्पट जाड असतो. रंगाचेंहि तसेंच आहे. खऱ्या गाडीचा लाल रंग तसाच्या तसा लहान गाडीला दिला, तर तो अधिक गडद भासतो. म्हणून जाणते कारागीर तो थोडा फिका करून घेतात. कोठें नियम पाळावयाचा आणि कोठें डोळ्यासाठीं तो शिथिल करावयाचा, याचा निर्णय पदोपदीं करावा लागतो. संक्षिप्त इतिहास लिहिणाऱ्यालाहि नेमकें हेंच करावें लागतें. सर्वच लहान करून चालत नाहीं, आणि जें मोठें ठेविलें त्याचें कारण सांगतां आलें पाहिजे.

महाराष्ट्रांत या छंदास सार्वजनिक रूप देणारे म्हणून पुण्याचे भाऊसाहेब जोशी यांचें नांव घेतलें पाहिजे. त्यांनीं उभारलेलें लघुरेल्वेचें संग्रहालय कोथरूडच्या बाजूस १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. त्यांतील गाड्या १:८७ प्रमाणांतल्या, म्हणजे वर सांगितलेल्या मापाच्या बरोबर निम्म्या. वाफेचीं इंजिनें, सिग्नल, फाटक, स्थानक हें सर्व एका नगरींत चालतांना पाहून मुलांइतकेच वडील माणसेंहि रमतात. एका व्यक्तीची हौस शिस्तीनें जोपासली गेली तर ती पुढें सर्वांच्या उपयोगी पडते, याचें हें उदाहरण होय.

अलीकडे या छंदानें एस.टी.चा विषय हातीं घेतला आहे. १ जून १९४८ रोजीं पुणें व तेव्हांचें अहमदनगर यांच्या दरम्यान राज्य परिवहनाची पहिली बस धांवली. त्या बेडफर्ड बनावटीच्या गाड्यांचे सांगाडे लांकडी होते आणि बैठकी काथ्याच्या. पुढें दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या गाड्या बांधल्या जाऊं लागल्या, आणि आतां पोलादी सांगाड्याच्या गाड्या आल्या आहेत. पुठ्ठा, फोमचा ताव आणि चिकट कागद यांतून या गाड्या हुबेहूब करणारे तरुण महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं आहेत. खिडक्यांच्या दांड्या, टपावर जाणारी मागची शिडी, आगाराचें नांव, पाटीवरचीं अक्षरें, कांहींहि ते सोडीत नाहींत. कोंकणांत गणपतीच्या आराशींतहि एस.टी. स्थानकाचा देखावा कोठें कोठें दिसतो. ‘अभ्यास सोडून पुठ्ठे कापीत बसतो’ हें वाक्य अशा घरांत आई-वडिलांच्या तोंडून ऐकूं येतें. त्यांची काळजी आम्ही समजूं शकतों. पण ज्या मुलानें आगारांत जाऊन दोन चाकांमधील अंतर मोजलें, तें चोविसांनीं भागिलें आणि चूक निघाली म्हणून सारा सांगाडा पुन्हां कापला, त्याचा तो वेळ फुकट गेला असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां लेखाच्या आरंभींच्या गलबताकडे येऊं. गुहागर तालुक्याच्या उत्तर सीमेवर वाशिष्ठीचें मुख आहे; अलीकडे अंजनवेलचा गोपाळगड, पलीकडे दाभोळ. या पाण्यांतून शतकानुशतकें गलबतें, मचवे, पडाव, पतेमाऱ्या गेल्या. बांधणारे सुतार कागदावर नकाशा काढीत नसत. प्रमाण त्यांच्या हातांत आणि डोळ्यांत असे, आणि तें बापाकडून मुलाकडे जाई. मुलानें तो धंदा सोडला तेथें तें ज्ञानहि थांबलें. आज बंदरांत फायबरच्या होड्या दिसतात. जुन्या पतेमारीचा आकार बारकाईनें पाहावयाचा तर आपणांस एका फ्रेंच आरमारी अधिकाऱ्याकडे जावें लागतें. एदमों पारी यानें तीन वेळां पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि जेथें जेथें तो गेला तेथील देशी नौकांचीं मापें घेऊन रेखाचित्रें काढिलीं. १८४० नंतरच्या दशकांत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत मुंबईकडील पतेमारीहि आहे. १८७१ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८९३ पर्यंत, तो पॅरिसच्या नाविक संग्रहालयाचा प्रमुख होता, आणि स्वतःच्या त्या मापांवरून त्यानें अनेक देशांच्या नौकांच्या प्रतिकृति करवून घेतल्या. आमच्या किनाऱ्यावरची नौका आम्ही पॅरिसमध्यें शोधावी, ही गोष्ट अभिमानाची नाहीं.

यांतून आणखी एक बोध घेण्यासारखा आहे. प्रतिकृति स्वतः अमर नसते. युद्धपूर्व काळांतील कित्येक डिंकी मोटारी जस्ताच्या मिश्रधातूंत शिसें मिसळल्यामुळें आपोआप तडकून भुगा झाल्या आहेत. मग कोंकणच्या खाऱ्या दमट हवेंत आणि पावसाळ्यांत पुठ्ठ्याची एस.टी. किती काळ टिकणार? पारीचें काम टिकलें, कारण त्यानें मापें लिहून छापून ठेविलीं होतीं. त्यांवरून कोणालाहि नौका पुन्हां उभारतां येते. आमच्या तरुणांच्या हाताला कसब आहे, पण बहुतेकांची वही कोरी असते, किंवा मुळींच नसते. गाडी पूर्ण झाली, छायाचित्र निघालें, कौतुक झालें, आणि मापांचे कागद केरांत गेले, असें होऊं नये.

म्हणून अशा मुलांच्या पालकांस आमचें सांगणें थोडकें आहे. त्यांस मापाची फीत द्यावी, आंखीव कागदाची वही द्यावी, आणि प्रत्येक प्रतिकृतीबरोबर मूळ वाहनाचें माप, प्रमाण, स्थळ व तारीख लिहून ठेवावयास लावावें. एस.टी. पुरी झाली म्हणजे वेलदुरास किंवा दाभोळास जाऊन एखादा जुना लांकडी मचवा मोडीत निघण्यापूर्वीं मोजून घ्यावा. ज्या वृद्ध सुतारानें तो बांधला, तो हयात असल्यास प्रत्येक भागाचें नांव त्याच्याच तोंडून उतरून घ्यावें. नाळ, वरोळ, डोलकाठी, परबाण हे शब्दहि मचव्याबरोबरच चालले आहेत, आणि त्यांची प्रतिकृति पुठ्ठ्याची करतां येत नाहीं.