आधी ताट, मग पाटी

दिवाळीच्या चार दिवसांत पथ्याची गोष्ट काढणारा मास्तर कोणालाच आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. वाचकहो, चकली खुशाल खा. तिच्यावर टीका करायला मी बसलेलो नाही. मला सांगायची आहे ती एका प्रश्नाची हकिकत.

बोईसरला माझ्या वर्गात ‘समतोल आहार’ हा धडा मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, खनिजे असा तक्ता मी फळ्यावर काढायचा आणि मुलांनी तो उतरवून घ्यायचा. एकदा हा तक्ता बिनचूक म्हणून दाखवणाऱ्या पाड्यावरच्या एका मुलाला मी सहज विचारले, “सकाळी काय खाऊन आलास रे?”

“कोरा चहा, गुरुजी.”

त्या दिवशी पुढचा धडा माझ्याच्याने घेववेना. इतकी वर्षे हा प्रश्न मला सुचला नव्हता, याची लाज वाटली.

वास्तविक या मुलुखाचे जुने अन्न मुळीच हलके नव्हते. सातपाटी-तारापूरच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत. डोंगराकडे नाचणी, वरी, उडीद पिकत आणि पावसाळ्यात रानभाज्या मिळत. शंभर ग्रॅम सुक्या बोंबलात साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. तेवढ्याच नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर पांढऱ्या तांदळात जेमतेम १०. घरी उखळात सडलेल्या तांदळाला थोडा कोंडा राही. तो गेला की काय होते, हे जावा बेटात आइकमन या डच डॉक्टरांनी गेल्याच्या आदल्या शतकाच्या अखेरीस पाहिले. पांढऱ्या भातावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडत आणि कोंडा मिळताच सावरत. या शोधासाठी १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आमच्या आज्यांनी उखळात तेच सत्त्व राखले होते. त्याचे नाव मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

मग उपास कुठून आले? तर कणगीतून. आषाढ-श्रावणात ती रिकामी होई आणि नवे भात हाती यायला अवकाश असे. ज्याची जमीनच तुटपुंजी, त्याला तक्ता पाठ असून काय उपयोग?

हे फार पूर्वी ओळखले ते दोन शिक्षिकांनी. बोईसरहून गाडीने डहाणू रोडला उतरले की पुढे कोसबाडची टेकडी लागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. धाकटे भावंड सांभाळायचे असते म्हणून थोरली मुलगी घरी राही. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकत्र आणली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. मूल का येत नाही, हे त्यांनी आधी विचारले, शिकवणे त्यानंतर.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले ‘अंगणवाडी’. तिथे अक्षरांबरोबर पूरक आहार, लसीकरण आणि वजनाचा काटाही आला.

तरीही १९९२ च्या सप्टेंबरात अनुताई गेल्या, त्याच सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली. त्या काळी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला तो २०१४ साली. त्यानंतर २०१५ मध्ये आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना आली. बाळाच्या ताटाची सुरुवात आईच्या ताटापासून होते, हे उशिरा का होईना, मान्य झाले.

दिवाळी सरली की पाड्यांवरची कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात. सुट्टीनंतर वर्गातली काही बाके रिकामी दिसतात. मी अजूनही तो तक्ता शिकवतो; पण हल्ली खडू हातात घेण्यापूर्वी विचारतो, “आज कोण काय खाऊन आले?” आणि शाळेच्या खिचडीची वेळ झाली की धडा अर्धा राहिला तरी थांबतो.