सावलीसोबत आलेले पाहुणे

बाळघुटीतलं मायफळ हे फळ नाहीच. पश्चिम आशियातल्या एका ओकच्या फांदीवर चिमुकली गांधीलमाशी अंडं घालते, झाड तिथे टणक गाठ धरतं आणि आत अळी वाढते. ती गाठ म्हणजे मायफळ. त्यात टॅनिन भरपूर, म्हणून युरोपात शतकानुशतकं त्याची शाई बनली, त्याने कापड रंगवलं गेलं. इंग्लंडमधल्या एका शोभेच्या ओकचा इतिहास वाचताना ही गाठ मला पुन्हा भेटली.

१७३५ साली टर्की ओक इंग्लंडमध्ये आला. त्याचं लाकूड तडकतं, त्यामुळे बांधकामाला निरुपयोगी. पण झाड झपाट्याने वाढतं आणि डेरेदार होतं. जमीनदारांना आपल्या बागांसाठी तेच हवं होतं. एक्सेटरच्या विल्यम ल्युकमला १७६०च्या सुमारास आपल्या रोपवाटिकेत हिवाळ्यातही पानं न टाकणारं एक रोप सापडलं. तो टर्की ओक आणि कॉर्क ओक यांचा संकर होता. त्याची कलमं ल्युकमने विकलीच, शिवाय मूळ झाड तोडून आपल्या शवपेटीसाठी फळ्या पलंगाखाली ठेवल्या, असं सांगतात.

१८३०च्या दशकात रंगकामासाठी डेव्हनमध्ये गोटीसारख्या गोल गाठी मुद्दाम आणल्या गेल्या. त्या करणाऱ्या माशीची एक पिढी टर्की ओकवर वाढते आणि पुढची स्थानिक ओकवर. दोन्ही झाडं नसतील, तर तिचा वंश चालत नाही. म्हणजे सावलीसाठी लावलेल्या झाडाने तिचं अर्धं घर शंभर वर्षं आधीच बांधून ठेवलं होतं!

विसाव्या शतकात तिची एक बहीण युरोपातून आपणहून आली. ती थेट स्थानिक ओकच्या बियाच वेड्यावाकड्या करते. या ओकवर सुमारे २,३०० प्रजातींचा वावर आहे, त्यामुळे घबराट उडाली. १९९८ साली ब्रिटनच्या संरक्षण खात्याने आपल्या तळांवरचे टर्की ओक तोडायचा आदेश काढला.

मला तो आदेश घाईचा वाटतो. त्याच माशीच्या वसंतातल्या अळ्या टर्की ओकवर असतात आणि निळ्या टिट पक्ष्यांना त्या ऐन विणीच्या काळात खायला मिळतात. शिवाय सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाआधी, टर्की ओक ब्रिटनमध्ये होताच. मग परका कोण?

तरी एक गोष्ट खरी. लवकर सावली देणारं झाड मागितलं, की त्याच्यासोबत कोण येणार हे रोपवाटिकेतल्या पाटीवर लिहिलेलं नसतं. त्या झाडाचं शेजारच्या झाडाशी कुठलं नातं जुळेल, हेही नसतं. निदान तेवढं विचारून मगच खड्डा खणावा.