निवडीचा इतिहास : मायलोमा आणि परळची वाट

रोगांच्या इतिहासात औषधांच्या शोधांची नोंद होते. वैद्यापुढे एकाऐवजी दोन वाटा प्रथम कधी उभ्या राहिल्या, याची सहसा होत नाही. मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. हाडे पोखरणे, मूत्रपिंडे निकामी होणे, रक्त कमी होणे ही त्याची लक्षणे. १८४५ साली लंडनच्या एका व्यापाऱ्याच्या मूत्रात हेन्री बेन्स जोन्स यांना यातले विलक्षण प्रथिन सापडले. पण त्यानंतर शंभर वर्षे रुग्णागणिक उपचार निवडण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे युरेथेन सुमारे दोन दशके दिले गेले आणि १९६६ च्या चाचणीत ते निरुपयोगी ठरले. साठच्या दशकात मेल्फालान व प्रेडनिसोन आले. तेही सरसकट सर्वांनाच.

वाटा फुटल्या त्या १९८३ नंतर. त्या वर्षी इंग्लंडमध्ये मॅकएल्वेन व पाउल्स यांनी मेल्फालान मोठ्या मात्रेत दिले. त्याच वर्षी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रोग मात्र वेगळा, रक्ताचा कर्करोग होता. पुढे मोठी मात्रा आणि स्वतःच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण यांची सांगड बसली, आणि मायलोमाचे रुग्ण ‘प्रत्यारोपण झेपणारे’ व ‘न झेपणारे’ असे विभागले गेले.

या विभागणीकडे कर्जत-खालापूरहून पाहावे. खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) येथील टाटांच्या वीजगृहांनी मुंबईच्या गिरण्या चालवल्या. त्या योजना तडीस नेणाऱ्या दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. परळचे रुग्णालय १९४१ साली उभे राहिले. वीज ज्या दिशेने गेली, त्याच दिशेने पुढे इथले रुग्ण लोकलने जात राहिले. प्रत्यारोपणाचा विभाग नंतर खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आला.

समजा, खोपोलीच्या कारखान्यात नोकरी करणारा पन्नाशीचा एक गृहस्थ आहे. मूत्रपिंडे शाबूत, घरी सोबतीला माणूस. त्याला आधी काही महिने औषधे, मग दोन-तीन आठवडे रुग्णालयात राहून प्रत्यारोपण, हा मार्ग सुचवता येतो. कर्जतच्या आतल्या वाडीतली सत्तरीची शेतकरीण मात्र निराळी. तिची पाठदुखी वर्षभर लावणीच्या कामावर ढकलली गेलेली, मूत्रपिंडे थकलेली. तिच्यासाठी बोर्टेझोमिब बरे, कारण मूत्रपिंडांच्या दुखण्यात ते सहसा मात्रा न घटवता देता येते. पण दर आठवड्याला इंजेक्शनसाठी जायचे कसे? थॅलिडोमाइडची गोळी घरी घेता येते. गर्भावरील भीषण परिणामांमुळे १९६१ मध्ये बाजारातून हटलेले हे औषध कुष्ठरोगातील दाहावर परतले आणि १९९९ मध्ये सीमा सिंघल व सहकाऱ्यांच्या निबंधाने मायलोमातही आले. मात्र ही दोन्ही औषधे पाय बधिर करू शकतात. भाताच्या चिखलात अनवाणी उतरणाऱ्या बाईला हा दुय्यम परिणाम कसा म्हणावा?

२०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत रायगड होता. खर्चाचा प्रश्न त्यामुळे काहींसाठी हलका झाला. अंतराचा, बुडालेल्या मजुरीचा नाही. केसपेपरवर ‘प्रत्यारोपणास अपात्र’ एवढेच उमटते. ते वयामुळे, मूत्रपिंडांमुळे, की वाडीपासून गाडीरस्ता दूर म्हणून, हे त्या दोन शब्दांतून वाचता येत नाही.