आरएक्स-७ (एफडी) मोटारीचा बदली रेडिएटर

जपानच्या माझदा कंपनीने १९९१ ते २००२ या काळात बनवलेल्या तिसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ या स्पोर्ट्‌स मोटारीत, मूळ रेडिएटर जीर्ण झाल्यावर त्याच्या जागी बसवला जाणारा रेडिएटर. चासीच्या संकेतावरून ही पिढी ‘एफडी’ या नावाने ओळखली जाते. या मोटारीत इंजिनाच्या आयुष्याशी याइतका थेट बांधलेला दुसरा सुटा भाग क्वचितच असेल. म्हणून त्याची निवड किंमत किंवा चकाकी पाहून करणे धोक्याचे ठरते.

एफडीचे १३बी-आरईडब्ल्यू हे इंजिन वांकेल पद्धतीचे आहे. त्यात प्रत्येकी ६५४ घ. सेंमी.चे दोन रोटर आणि एकामागून एक कामाला लागणारे दोन टर्बो असतात. जपानी बाजारासाठी त्याची शक्ती सुरुवातीला २५५ अश्वशक्ती होती. १९९९ पर्यंत ती २८० वर गेली. पिस्टनच्या इंजिनात ज्या सिलिंडरात स्फोट होतो, त्यातच पुढच्या आवर्तनात थंड मिश्रण येते. वांकेल इंजिनात मात्र ज्वलन कायम रोटरभोवतीच्या कवचाच्या एकाच बाजूला होते आणि ती बाजू सतत तापलेली राहते. कवचे ॲल्युमिनियमची, त्यांच्या दोन्ही अंगांच्या प्लेट्स बिडाच्या, आणि हा सारा थर लांब बोल्टांनी आवळलेला असतो. कूलंटच्या वाटा बंद राखण्यासाठी त्यांच्यामध्ये बारीक रबरी सील बसवलेली असतात. इंजिन प्रमाणाबाहेर तापले की ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त प्रसरण पावते, सील चेपते किंवा करपते आणि कूलंट ज्वलनकक्षात शिरू लागते. पिस्टनच्या इंजिनात अशा वेळी पुष्कळदा हेड गॅस्केट बदलून भागते. येथे पूर्ण इंजिन उतरवून उघडावे लागते. इंजिन एकदाच जोरात तापले तरी ते त्यासाठी पुरेसे असते.

मूळ रेडिएटरचा गाभा ॲल्युमिनियमचा आणि टाक्या काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या असतात. गाभ्याच्या कडा टाकीवर दुमडून, मध्ये रबरी गॅस्केट धरून हा जोड केलेला असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने नायलॉन ठिसूळ होते, तपकिरी पडते आणि बहुधा होजच्या तोंडापाशी किंवा दुमडीच्या रेषेवर तडकते. कूलंटमधली हवा वेगळी करणारी लहान टाकीही सुरुवातीला प्लॅस्टिकचीच होती. ती तडकण्याची खोड इतकी प्रसिद्ध आहे की अनेक मालक रेडिएटरबरोबर तीही ॲल्युमिनियमची घेतात. आजवर न बदललेला मूळ रेडिएटर गळत नसला तरी तो बदलण्याजोगाच मानावा.

तथापि नवा रेडिएटर घेण्यापूर्वी तापण्याचे कारण तपासले पाहिजे. गाडी सिग्नलला किंवा गर्दीत तापत असेल आणि वेग घेतल्यावर निवत असेल, तर संशय पंखे, त्यांचे रिले आणि श्राउड यांवर जातो. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल, तर गाभा आतून चोंदलेला असतो, पंखपट्ट्या मातीने भरलेल्या असतात किंवा हवेची वाट बिघडलेली असते. थर्मोस्टॅट अर्धवट उघडणे, वॉटर पंपाची झीज आणि आत अडकलेली हवा ही कारणेही रेडिएटरच्या माथी मारली जातात.

निवडीत सर्वांत जास्त वजन गाभ्याच्या समोरच्या क्षेत्रफळाला आहे. एफडीच्या बुटक्या नाकात रेडिएटर तिरका बसतो आणि जागा ठरलेली असते, त्यामुळे क्षेत्रफळ फारसे वाढवता येत नाही. म्हणून उत्पादक जाडी वाढवतात. बाजारात कोयो, मिशिमोटो यांसारख्या कंपन्यांचे पूर्ण ॲल्युमिनियमचे रेडिएटर मिळतात आणि त्यांच्या गाभ्याची जाडी साधारण ३५ ते ५५ मिमी. असते. जाडी वाढली की शीतलता त्याच प्रमाणात वाढते, ही समजूत चुकीची आहे. पुढच्या थरातून जाताना हवा तापते, मागच्या थरातल्या नळ्यांना ती गरम झालेलीच मिळते, आणि जाड गाभ्यातून ढकलण्यास तिला जास्त दाब लागतो. रेसट्रॅकवरच्या सतत वेगात हा दाब मिळतो. शहरात मात्र सगळा भार पंख्यांवर येतो. पंखपट्ट्यांच्या दाटीबाबतही हेच लागू आहे: दाट पट्ट्या उष्णता चांगली सोडतात, पण हवा अडवतात आणि धुळीने लवकर बुजतात. रस्त्यावर चालणाऱ्या, शक्ती फारशी न वाढवलेल्या एफडीला मध्यम जाडीचा, उत्तम ब्रेझिंग केलेला गाभा सर्वांत योग्य ठरतो. सर्वांत जाड रेडिएटर शक्ती वाढवलेल्या आणि ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीसाठी राखावा.

धातूचा प्रश्न या मोटारीपुरता सुटलेला आहे. तांबे ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता दीडपटीहून अधिक चांगली वाहून नेते आणि तांबे-पितळेचा रेडिएटर डाग देऊन दुरुस्तही करता येतो. पण ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद ठेवता येतात, पट्ट्यांशी त्यांचा जोड ब्रेझिंगने थेट होतो आणि वजन बरेच कमी राहते. त्यामुळे प्रत्यक्षात ॲल्युमिनियम मागे पडत नाही. वेल्डिंग केलेल्या टाक्यांचा खरा लाभ टिकाऊपणात आहे. स्वस्त मालात नेमके हेच वेल्डिंग आणि माउंटिंगची मापे कच्ची असतात.

हवेच्या वाटेकडे रेडिएटरइतकेच लक्ष द्यावे लागते. नाकातून शिरलेली हवा गाभ्यातूनच गेली पाहिजे. कडेच्या फटींतून निसटलेली हवा वाया जाते. मूळ डक्ट, कडांचे फोम आणि विशेषतः गाडीखालचा अंडरट्रे जुन्या एफडीत अनेकदा गायब असतात. अंडरट्रे नसल्यास रेडिएटरमागचा दाब वाढतो आणि हवा पुढून मागे ओढली जात नाही. मोठा इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे बसवला तर रेडिएटरला उरलेली, तापलेली हवा मिळते. त्यावर उपाय म्हणून इंटरकूलर आणि रेडिएटर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे मांडण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यात दोघांना ताज्या हवेचा स्वतंत्र वाटा मिळतो, मात्र डक्ट काळजीपूर्वक बनवावे लागतात. रोटर आतून तेलाने थंड होतात, त्यामुळे उष्णतेचा मोठा हिस्सा ऑइल कूलरकडे जातो. तेल तापत असेल तर रेडिएटर कितीही मोठा घेतला तरी उपयोग होत नाही.

जुळणी पाहताना होजच्या तोंडांचा व्यास आणि दिशा, हवा वेगळी करणाऱ्या टाकीच्या नळीची जोडणी, पंखे आणि एसी कंडेन्सर यांचे आधार, तसेच निचऱ्याचा प्लग तपासावा. स्वयंचलित गिअरच्या गाडीत गिअर-तेल थंड करण्याची सोय टाकीत लागते. रेडिएटर रबरी आधारांवर सैलसर बसला पाहिजे. घट्ट आवळल्यास चासीच्या पिळाने वेल्ड तडकतात. पंख्यांची वायरिंग व अर्थिंग नीट नसेल तर कूलंटमधून वीज वाहते आणि ॲल्युमिनियम आतून खाल्ले जाते.

मूळ व्यवस्थेत दाबाचे झाकण हवा वेगळी करणाऱ्या टाकीवर असते आणि ते ०.९ बारचे असते. दाब वाढला की कूलंटचा उत्कलनबिंदू वर जातो, पण जास्त दाबाचे झाकण जुन्या होजांना व सीलना ताण देते. म्हणून मूळ मापच पाळावे. ग्लायकॉल व ऊर्ध्वपातित पाणी यांचे समभाग मिश्रण नेहमीचे आहे. निव्वळ पाणी उष्णता अधिक वाहते, पण गंज रोखत नाही. कूलंट भरल्यानंतर गाडीचे नाक उंच ठेवून आणि हीटर सुरू करून आतली हवा पूर्ण काढावी लागते.

मूळ तापमापकाचा काटा फार मोठ्या पल्ल्यात मध्यावरच राहतो आणि हलेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून बदली रेडिएटरबरोबर खरे अंश दाखवणारा स्वतंत्र मापक बसवणे आवश्यक समजले जाते. बदलापूर्वीची व नंतरची तापमाने त्याच रस्त्यावर, त्याच हवामानात मोजली तरच नव्या रेडिएटरचा परिणाम कळतो.