अनास्तासिस : पुन्हा उभे राहणे

मराठी बायबलातला ‘पुनरुत्थान’ हा शब्द ग्रीक ‘अनास्तासिस’साठी येतो, आणि योगायोग असा की दोन्हींच्या मुळाशी एकच धातू आहे. संस्कृत ‘स्था’ आणि ग्रीक ‘स्ता’ ही सख्खी भावंडे. आडवे पडलेले पुन्हा उभे राहणे, हा साधा अर्थ. आत्मा अमर आहे एवढेच सांगायचे असते, तर हा शब्द लागलाच नसता. अथेन्सला ती कल्पना प्लेटोपासून परिचित होती. नाकारलेले होते ते मेलेल्याचे उठणे. इ.स.पू. ४५८ मधल्या एस्किलसच्या ‘युमेनिडीस’ नाटकात अथेन्सच्या अरिओपाग टेकडीवरील न्यायासनापुढे अपोलो देव स्वतः सांगतो, की रक्त मातीत मुरले की त्या माणसाला अनास्तासिस नाही. पाच शतकांनी त्याच अरिओपागात ख्रिस्ती प्रेषित पौल मेलेल्यांच्या अनास्तासिसविषयी बोलतो आणि काही श्रोते त्याची टर उडवतात, असे बायबलातले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक नोंदवते. हा शब्द शरीराच्या उठण्याविषयीच होता, याचा ही टरच मला मोठा पुरावा वाटते.

पौल स्वतःच ‘आध्यात्मिक शरीर’ म्हणतो, मग हे रूपकच नव्हे का, असा आक्षेप येतो. पण तिथेही नाम ‘शरीर’ हेच आहे. बदलते ते विशेषण. दुसरा आक्षेप अधिक जड : माणसे अजून मरतातच. पौलाला हे ठाऊक होते. म्हणून करिंथकरांना तो ख्रिस्ताला पहिले पीक म्हणतो, उरलेली कापणी पुढे ठेवतो आणि मृत्यूला सर्वांत शेवटी नष्ट व्हायचा शत्रू ठरवतो. पुनर्जन्माच्या कल्पनेशी असलेला फरकही हाच : पुनर्जन्मात मृत्यू हा वाटेवरचा टप्पा असतो. पुनरुत्थानात तो शत्रू आहे.