सरावात गेलेले

फेब्रुवारी २०१९ मध्ये बुलढाणा जिल्ह्याला दुसरं काही सुचत नव्हतं. १४ तारखेला पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले. त्यात मलकापूरचे संजय राजपूत होते आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांगऱ्याचे नितीन राठोड होते. चोरपांगरा म्हणजे मेहकर-जानेफळकडच्या लोकांचा शेजारच. दोन्ही ठिकाणी अंत्ययात्रेला माणूस मावत नव्हता आणि गावोगावच्या चौकांत श्रद्धांजलीचे फलक लागले होते.

त्याच आठवड्यात, १९ तारखेला, बंगळुरूजवळच्या येलहंका तळावर एक वैमानिक गेला. ‘एरो इंडिया’ हे विमानप्रदर्शन दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं होतं. हवाई दलाच्या सूर्यकिरण चमूचा सराव चालू असताना दोन हॉक विमानं हवेत एकमेकांवर आदळली. तिघांपैकी दोघे छत्रीने खाली आले, विंग कमांडर साहिल गांधी वाचले नाहीत. बातमी छापून आली, पण पुलवामाच्या गदारोळात ती किती जणांनी वाचली असेल, शंकाच आहे.

तो महिनाच हवाई दलाला वाईट गेला. १ तारखेला बंगळुरूतच मिराज २००० ची चाचणी घेताना समीर अबरोल आणि सिद्धार्थ नेगी हे दोघे गेले. २७ तारखेला बडगामला एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं आणि त्यात नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं, हे हवाई दलप्रमुखांनी ऑक्टोबरमध्ये उघडपणे मान्य केलं. शत्रूच्या गोळीने यांतला एकही गेला नाही. पण वैमानिकांच्या जगात या मृत्यूंची प्रतवारी होत नाही. ती होते ती कागदावर.

सूर्यकिरणचं घर बिदर. उदगीर-निलंग्याच्या पलीकडे, भालकी-बसवकल्याणच्या मराठी पट्ट्यातलं हे शहर कर्नाटकात आहे. १९५६ पर्यंत ते हैदराबाद राज्यात होतं. चमू उभा राहिला १९९६ मध्ये, किरण मार्क-२ या विमानांवर, आणि लवकरच एका वेळी नऊ विमानं उडवू लागला. दोन विमानांच्या पंखांत जेमतेम काही मीटरांचं अंतर ठेवून उलटसुलट गिरक्या घ्यायच्या, हा त्यांचा रोजचा धंदा. त्याची किंमत बिदरनेच मोजली. १८ मार्च २००६ रोजी सरावात विंग कमांडर धीरज भाटिया आणि स्क्वाड्रन लीडर शैलेंद्र सिंग गेले. २१ जानेवारी २००९ रोजी विंग कमांडर आर. एस. धालीवाल गेले. दोन्ही वेळा चमू थांबला नाही, पुन्हा उडाला.

पुढे २०११ मध्ये चमू बंद पडला, पण त्याचं कारण हे अपघात नव्हते. ३१ जुलै २००९ रोजी एचपीटी-३२ या प्राथमिक प्रशिक्षण विमानाच्या अपघातात दोन प्रशिक्षक गेले आणि त्या जातीची सगळी विमानं जमिनीवर बसवली गेली. नवशिक्यांनी पहिले धडे गिरवायचे कशावर? मग किरण विमानंच पुढे करावी लागली, आणि ती पुरेनात म्हणून कसरतीच्या चमूची विमानंही प्रशिक्षणाला गेली. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडची पिलाटस विमानं आली तेव्हा कुठे ही तंगी सरली. सूर्यकिरण २०१५ मध्ये हॉक विमानांवर नव्याने उभा राहिला. साहिल गांधी गेले ते याच हॉकमधून.

अपघातानंतर तळावर काय होतं, हे बाहेरच्यांना सहसा कळत नाही. चौकशी समिती बसते, हे ठाऊक असतं. पण आणखी एक समिती बसते. तिला ‘कमिटी ऑफ ॲडजस्टमेंट’ म्हणतात. सेना आणि हवाई दलातल्या मृतांच्या खासगी मालमत्तेसाठी १९५० चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली हे काम चालतं. गेलेल्या अधिकाऱ्याची खोली सहकारी अधिकारीच उघडतात. कपडे, घड्याळ, पुस्तकं, पत्रं, सगळ्याची यादी करतात. कुणाचं देणं राहिलंय ते बघतात, मेसचं बिल आणि नोकराचा पगार आधी चुकता करतात आणि उरलेलं घरी पाठवतात. काल ज्याच्याबरोबर जेवलो त्याच्या बुशशर्टांची नोंद आज करायची. एवढी कोरडी भाषा असलेला कायदा इतकं जवळचं काम करून घेतो, याचं नवल वाटतं.

आठवण ठेवण्याच्या खुणा विमानाइतक्याच जुन्या आहेत. पहिल्या महायुद्धात वैमानिकाच्या थडग्यावर लाकडी पंख्याचा तुकडा क्रूस म्हणून रोवत. त्या युद्धात लढलेल्या मोजक्या भारतीय वैमानिकांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर होते. ते जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेले, त्यांची कबर तिथेच आहे. नंतर आली ‘मिसिंग मॅन’ची रीत. विमानांचा थवा डोक्यावरून जातो आणि एक जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते, नाहीतर एक विमान मध्येच रांग सोडून सरळ वर चढत जातं. कारगिलमध्ये २७ मे १९९९ रोजी गेलेले अजय आहुजा यांच्यासाठी २० वर्षांनी, त्याच तारखेला, हवाई दलप्रमुख बी. एस. धनोआ यांनी भिसियाना तळावर मिग-२१ विमानांची अशी रचना स्वतः पुढे राहून उडवली. कारगिलच्या वेळी आहुजांच्या स्क्वाड्रनचे प्रमुख धनोआच होते. प्रमुखपदावर पोचलेल्या माणसाने पुन्हा कॉकपिटमध्ये बसून आपल्या माणसाची आठवण काढावी, यापेक्षा मोठं भाषण कुठलं असणार?

नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईच्या विमानप्रदर्शनात तेजस हे लढाऊ विमान कोसळून विंग कमांडर नमांश स्याल गेले. प्रदर्शन पुढे चालू राहिलं. अमेरिकेच्या एफ-१६ चमूने मात्र आपलं शेवटचं उड्डाण रद्द केलं. देश वेगळा, गणवेश वेगळा, पण आकाशातल्या त्या कसरतीत एका क्षणाची चूक कशी महागात पडते हे दोघांनाही पक्कं ठाऊक.

मग कागदावरची प्रतवारी. लष्करी भाषेत लढाईत गेलेला ‘बॅटल कॅज्युअल्टी’, सरावात गेलेला ‘फिजिकल कॅज्युअल्टी’. दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी, म्हणजे साहिल गांधी गेल्यानंतर सहाच दिवसांनी, खुलं झालं. त्याच्या त्यागचक्राच्या भिंतींवर तेव्हा २५,९४२ नावं कोरलेली होती. ती लढायांत आणि मोहिमांत गेलेल्यांची. सरावात गेलेल्यांसाठी ती भिंत नाही. युद्धाचं स्मारक युद्धापुरतं असावं, हे म्हणणं समजण्यासारखं आहे. पण मग सरावातल्यांची भिंत कुठे?

भिंतीच्याही आधीचा प्रश्न म्हणजे ही मरणं होतातच का, आणि महाराष्ट्रात त्याला हात घातला तो एका आईने. १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानातल्या सुरतगड तळावरून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१ घेऊन उडाले आणि काही सेकंदांतच विमान जमिनीवर आलं. अमेरिकेतला ११ सप्टेंबरचा हल्ला सहा दिवसांपूर्वीचा. तेव्हाही बातमी मोठ्या बातमीच्या सावलीत गेली. वैमानिकाचा दिशाभ्रम झाला, असा निष्कर्ष निघाला. आई कविता गाडगीळ आणि वडील कॅप्टन अनिल गाडगीळ यांनी तो मान्य केला नाही. मुलगा तर गेलाच, वर दोषही त्याच्याच माथी? त्यांनी पत्रं लिहिली, जाहीरपणे प्रश्न विचारले, संरक्षण मंत्रालयाची नाराजी ओढवून घेतली. अभिजित एअर सेफ्टी फाउंडेशन उभं केलं. पुढे पुण्यात जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट काढून उड्डाणाचे सिम्युलेटर बसवले. शोकाचं रूपांतर यंत्रात करणारी अशी घरं थोडीच.

त्यांचा प्रश्न एका पोरापुरता नव्हता. किरणसारख्या संथ विमानावर शिकलेला पोरगा एकदम मिग-२१ वर बसायचा, जे उतरतानाच ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगात असतं. मधली पायरीच नव्हती. ती हवी, हे ला फॉन्टेन समितीने १९८२ मध्ये लिहून दिलं होतं. ६६ हॉक विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये. म्हणजे २२ वर्षं! फायली दिल्लीत फिरत होत्या आणि इकडे पोरं मिगवर चढत होती. एप्रिल २०१२ पर्यंतचा हिशेब संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिला: घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिक गेले, आणि जमिनीवरचे ३९ नागरिकही. त्या ३९ जणांची आठवण कुठल्याच रचनेत, कुठल्याच भिंतीवर नाही, हेही जाता जाता नोंदवायला हवं. मिग-२१ अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला निवृत्त झालं.

हॉक विमानं हवाई दलात रीतसर दाखल झाली ती २३ फेब्रुवारी २००८ रोजी, आणि तीही बिदरलाच. लढाऊ विमानाकडे निघालेला वैमानिक आता त्या मधल्या पायरीवर पाय ठेवून जातो. ही पायरी ज्यांच्या मरणाने बांधली गेली, त्यांची यादी मात्र कुणी गावकुसापर्यंत पोचवलेली नाही.

आणि गावकुसाशी याचा संबंध आहे. अलीकडेच हवाई दलप्रमुख होऊन गेलेले विवेक राम चौधरी नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यातले. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाऊ पाहणाऱ्या मुलांसाठी संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून चालू आहे. तिथे खेड्यापाड्यांतली मुलं येतात, उद्या जानेफळचंही एखादं जाईल. प्रबोधिनीत खडकवासल्याला ते ‘हट ऑफ रिमेम्बरन्स’समोर उभं राहील. ही छोटी वास्तू कॅडेटांनी स्वतः श्रमून बांधली, आणि कर्तव्यावर गेलेल्या माजी कॅडेटांची नावं तिथे जपली जातात.

जिल्ह्यातल्या शाळा-ग्रामपंचायतींत २६ जानेवारीला शहिदांच्या तसबिरींना हार घातले जातात. सैन्यात गेलेलं आपल्या तालुक्यातलं कुणी सरावात, प्रशिक्षणात किंवा तळावरच्या अपघातात गेलं असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, आणि पुढच्या २६ जानेवारीला त्याचीही तसबीर त्याच रांगेत लावा.